चंचल बाजार आणि तलावाची पाळ

भंडारा जिल्ह्यातील पावसाची केवळ सरासरी पाहिली, तर धान पिकविणाऱ्या शेतकऱ्याने चिंता करण्याचे काहीच कारण दिसत नाही. वर्षाकाठी सुमारे 1,300 मिलिमीटर पाऊस हा महाराष्ट्राच्या पुष्कळ भागांना हेवा वाटावा इतका आहे. तथापि सरासरीने धान पिकत नाही. आषाढात पऱ्हे तयार असता रोवणीपुरते पाणी हवे, आणि पुढे धान निसवण्याच्या वेळी पुन्हा पाणी हवे. यांपैकी एका वेळी जरी पावसाने पाठ फिरविली, तरी वर्षाची सरासरी पुरी होऊनही कोठी रिकामी राहते. ही गोष्ट या भागातील लोकांनी फार पूर्वीच ओळखली होती. पाऊस केव्हा पडेल याचे भाकीत करीत बसण्याऐवजी जो पडेल तो धरून ठेवण्याची त्यांनी सोय केली. जिल्ह्यात जागोजाग दिसणारे तलाव व बोड्या ही ती सोय होय.

पैशाच्या बाजाराची स्थिती याहून फारशी वेगळी नाही. कारखाने, बँका व खाणी यांच्या शेअरांचे भाव वीस-पंचवीस वर्षांच्या काळात कोणत्या दिशेने जातील याविषयी काही अदमास बांधता येतो. परंतु येत्या ज्येष्ठात, मुलाच्या महाविद्यालयाची फी भरण्याच्या वेळी, ते कोठे असतील हे छातीठोकपणे सांगणे कोणासही शक्य नाही. मुंबईच्या शेअरबाजाराचा निर्देशांक 1978-79 या वर्षाची पातळी 100 धरून मोजला जातो. तो जानेवारी 2021 मध्ये 50,000 पर्यंत पोचला. बेचाळीस वर्षांत पाचशे पट हा आकडा ऐकून कोणाच्याही तोंडास पाणी सुटावे. पण त्याच निर्देशांकाने 10 जानेवारी 2008 रोजी 21,206 ही उंची गाठली, आणि त्याच वर्षीच्या 27 ऑक्टोबरला तो 7,697 पर्यंत खाली आला. दहा महिन्यांच्या आत शंभर रुपयांचे छत्तीस झाले, आणि जुनी उंची ओलांडून तेथे टिकण्यास 2013 साल उजाडावे लागले. पाचशे पट ही झाली सरासरी. छत्तीस रुपये हा झाला एका हंगामाचा पाऊस. संसार हंगामावर चालतो.

अशा प्रसंगी गुंतवणूकदाराने धीर धरावा, असा उपदेश सर्वत्र ऐकू येतो. उपदेश चुकीचा नाही, परंतु तो अपुरा आहे. ज्याच्या घरी दुखणाईत माणूस अंथरुणास खिळलेला आहे आणि ज्याची सर्व शिल्लक शेअरांत अडकली आहे, त्याने धीर कोठून आणावा? त्यास छत्तीस रुपयांनाच विकावे लागते. उलटपक्षी ज्याच्या वर्षभराच्या खर्चाची तरतूद निराळी आहे, तो मनुष्य स्वभावाने कितीही भित्रा असला तरी थांबू शकतो. म्हणजे बाजारातील स्थैर्य हा मुख्यतः स्वभावाचा गुण नसून आगाऊ केलेल्या रचनेचा परिणाम आहे. ही रचना कशी असावी, हे समजण्यास तलावाचेच उदाहरण उपयोगी पडते.

पूर्व विदर्भातील जुने तलाव बांधण्याचे श्रेय प्रामुख्याने कोहळी समाजाकडे जाते. चांद्याच्या गोंड राजांच्या काळी तलाव बांधणाऱ्यास त्या पाण्याखाली भिजणारी जमीन मिळत असे, अशी परंपरा सांगितली जाते. 1999 पर्यंत भंडारा जिल्ह्यात असलेला व आता गोंदिया जिल्ह्यात मोडणारा नवेगाव बांध येथील विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी जोडलेला आहे. या तलावांची घडण पाहिली तर तिची तीन अंगे दिसतात. पाणी अडविणारी मातीची पाळ. गरजेप्रमाणे शेतास पाणी सोडणारे तुडुम. आणि अतिवृष्टीत जादा पाणी पाळीस धक्का न लावता निघून जावे म्हणून ठेवलेला सांडवा. पाळ नसेल तर पाणी राहत नाही, तुडुम नसेल तर राहिलेले पाणी उपयोगी पडत नाही, आणि सांडवा नसेल तर एखाद्या वर्षीचा अति पाऊस पाळीसकट सर्वच घेऊन जातो. पैशाच्या व्यवहारातही ही तीन अंगे लागतात.

जगाच्या बाजारातील भरती-ओहोटी भंडारा जिल्ह्यास काही नवी नाही. तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्ग व चिखला येथे मँगनीजच्या खाणी आहेत. पोलाद बनविताना मँगनीज लागते. शिवाय डोंगरी बुजुर्गची खनिज माती विजेऱ्यांतील सुक्या घटांसाठीही वापरतात. मध्यप्रांतातील या धंद्याचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाला, आणि पहिल्या महायुद्धापूर्वी हिंदुस्थान हा मँगनीज पुरविणाऱ्या जगातील प्रमुख देशांपैकी एक बनला होता. परंतु 1929 च्या जागतिक मंदीने पोलादाचे कारखाने थंडावले आणि येथील खाणींचे काम बसले. 1927 साली देशात दहा लाख टनांहून अधिक मँगनीज निघाले होते; 1932 साली ते दोन लाख टनांच्या आसपास आले. सातपुड्याच्या पायथ्याशी पाटी उचलणाऱ्या मजुराने न्यूयॉर्कचा बाजार कधी पाहिला नव्हता, पण त्या बाजाराच्या घसरणीने त्याची मजुरी गेली.

याच खाणींची पुढील कथा गुंतवणूकदारास अधिक बोधप्रद आहे. 1962 साली स्थापन झालेली व पुढे पूर्णपणे सरकारी मालकीची झालेली ही कंपनी, म्हणजे मॉइल, 2010 च्या अखेरीस शेअरबाजारात आली. केंद्र, महाराष्ट्र व मध्यप्रदेश या सरकारांनी आपल्या मालकीचा काही हिस्सा दर शेअरास 375 रुपये या भावाने विकावयास काढला, तेव्हा देऊ केलेल्या शेअरांच्या पन्नास पटींहून अधिक मागणी आली. 15 डिसेंबर 2010 रोजी बाजारात पहिला भाव 551 रुपये फुटला, आणि त्याच दिवशी संध्याकाळी तो 465 च्या घरात येऊन थांबला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत चिखल्याच्या भूगर्भातील खनिजात तोळ्याचाही फरक पडला नव्हता. फरक पडला तो खरेदीदारांच्या उतावळेपणात. पुढे 2015-16 च्या सुमारास जगभर पोलादाची मागणी मंदावून मँगनीजचे भाव कोसळले, आणि हा शेअर 375 रुपयांच्याही पुष्कळ खाली गेला.

या दोन घसरणी एकसारख्या दिसल्या तरी एकजातीच्या नव्हत्या. पहिली केवळ मनोवृत्तीची होती. दुसरीत धंद्याची मिळकतच घटली होती. गुंतवणूकदाराने भाव उतरला की प्रथम हाच प्रश्न विचारावा: वस्तू तीच राहून तिची किंमत उतरली, की वस्तूच बिघडली? पहिल्या प्रकारात स्वस्थ बसणे योग्य असते, दुसऱ्या प्रकारात पुन्हा विचार करणे आवश्यक ठरते. आणि हा भेद दर वेळी अचूक ओळखण्याइतके ज्ञान सामान्य माणसाजवळ नसते. म्हणूनच एकाच कंपनीच्या शेअरांवर सर्व भिस्त ठेवणे धोक्याचे. एका बोडीवर सारे शिवार अवलंबून ठेवू नये, हे गावातील शहाणा माणूस जाणतो. ज्यात पन्नास कंपन्यांचे शेअर एकत्र असतात असा निर्देशांकावर आधारलेला म्युच्युअल फंड हा या दृष्टीने सामान्य गुंतवणूकदारास अधिक सोयीचा.

आता मुख्य रचनेकडे वळावयाचे. घरातील पैसा तो केव्हा लागणार आहे यावरून तीन भागांत वाटावा. पहिला भाग वर्षभराच्या आत लागणारा: प्रपंचाचा खर्च, बियाणे-खत, औषधपाणी. हा बचत खात्यात किंवा अल्प मुदतीच्या ठेवीत असावा व त्यावर व्याज किती मिळते याचा फारसा विचार करू नये. दुसरा भाग एक ते सहा-सात वर्षांत निश्चित लागणारा: मुलांचे शिक्षण, लग्न, घराची डागडुजी. हा बँकेच्या मुदत ठेवीत अथवा डाकघराच्या बचत योजनांत असावा. तिसरा भाग त्याहूनही दूरच्या काळाचा, आणि बाजाराच्या पाण्यात सोडावयाचा तो एवढाच. पहिले दोन भाग ही पाळ होय. ती जितकी पक्की, तितका तिसऱ्या भागास काळ मिळतो. आणि काळ हाच शेअरबाजारात सामान्य माणसाचा एकमेव बळकट साथीदार आहे.

या वाटणीचे महत्त्व 2020 या एका वर्षाने स्पष्ट केले. 23 मार्च रोजी मुंबईचा निर्देशांक एका दिवसात शेकडा 13 हून अधिक उतरून 25,981 वर आला. दोनच दिवसांनी देशभर टाळेबंदी सुरू झाली, व अनेकांची रोजची मिळकत थांबली. ऑगस्टच्या अखेरीस वैनगंगेस महापूर येऊन भंडारा शहरात व नदीकाठच्या गावांत पाणी शिरले, घरे पडली, उभे धान बुडाले. इकडे बाजार मात्र सावरत होता, आणि नोव्हेंबरमध्ये तो जानेवारीच्या उंचीच्याही वर गेला. आठ महिन्यांत तोटा भरून निघाला, असे या हकिकतीचे वर्णन करता येईल. पण ते कोणाच्या बाबतीत? ज्याला त्या आठ महिन्यांत विकावे लागले नाही, त्याच्या. घरात वर्षभराची तरतूद नसलेल्या माणसाने एप्रिलमध्ये पोटासाठी किंवा सप्टेंबरमध्ये भिंत उभी करण्यासाठी शेअर विकले असतील, तर पुढची तेजी त्याच्या उपयोगाची नव्हती. दोघांनी एकच शेअर एकाच भावाने घेतला असेल, तरी एकाचा तोटा कागदावरचा राहिला व दुसऱ्याचा खरा झाला.

बाजारात पैसा घालण्याची पद्धतही विचारात घेण्यासारखी आहे. दरमहा ठराविक रक्कम घालीत गेल्यास भावाच्या चढउताराचा काही अंशी उपयोगच होतो. समजा, एका माणसाने तीन महिने दरमहा 1,000 रुपये घातले. भाव पहिल्या महिन्यात 100, दुसऱ्यात 50 व तिसऱ्यात 80 होता. त्यास अनुक्रमे 10, 20 व साडेबारा असे एकूण साडेबेचाळीस भाग मिळाले. तिसऱ्या महिन्याच्या 80 रुपये भावाने त्यांची किंमत 3,400 रुपये होते. भाव आरंभापेक्षा शेकडा 20 खाली असूनही 3,000 रुपयांवर 400 रुपये अधिक आहेत. कारण स्वस्ताईत त्याच रकमेला अधिक भाग आले. या पद्धतीत मोठी बुद्धिमत्ता लागत नाही. भाव पडलेल्या महिन्यात हप्ता चुकवावयाचा नाही, एवढाच नियम पाळावा लागतो. आणि नेमका तोच महिना हप्ता बंद करण्याचा मोह पाडणारा असतो.

तथापि कालांतराने सर्व काही वर येतेच, ही समजूत आंधळेपणाची आहे. जपानचा निक्केई निर्देशांक 29 डिसेंबर 1989 रोजी 38,915 वर होता. ती पातळी ओलांडण्यास 22 फेब्रुवारी 2024 हा दिवस उजाडावा लागला. चौतीस वर्षे म्हणजे माणसाची सारी नोकरी. अमेरिकेतील डाऊ जोन्स निर्देशांकास 1929 ची उंची पुन्हा गाठण्यास 1954 पर्यंत थांबावे लागले. अशा दुष्काळात तग धरतो तो सर्व पैसा एकाच बाजारात, एकाच वेळी व चढ्या भावाने न घातलेला माणूस. म्हणून तिसऱ्या भागातही थोडे रोखे, थोडे सोने असू द्यावे. आणि भाव उतरल्यास काय करावयाचे, हे भाव चढे असतानाच कागदावर लिहून ठेवावे. संकटाच्या दिवशी घेतलेला निर्णय बहुधा संकटाचाच असतो.

सट्टा व कर्जाऊ पैसा यांस या रचनेत मुळीच जागा नाही. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव भडकले, तेव्हा 1864-65 मध्ये मुंबईत नवनव्या कंपन्यांच्या शेअरांचा असाच ज्वर चढला होता. बॅकबे भरावाच्या कंपनीचे नाव सर्वतोमुखी होते व प्रेमचंद रायचंद हे त्या खेळाचे सूत्रधार मानले जात. युद्ध थांबले, कापूस उतरला, आणि 1 जुलै 1865 रोजी वायदे पुरे करण्याची वेळ येताच पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. खुद्द बँक ऑफ बॉम्बे 1868 मध्ये गुंडाळावी लागली. आज हातातल्या दूरध्वनीवरून वायद्यांचा व्यवहार लाखनी किंवा साकोलीत बसूनही करता येतो. साधन बदलले, फळ बदललेले नाही. सेबी या नियामक संस्थेने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत वायदे व ऑप्शन यांचे व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी शेकडा 93 जणांना तोटा झाल्याचे आढळले. व्याजाने काढलेल्या पैशाने हा खेळ खेळणाऱ्यास तर थांबण्याचीही मुभा नसते; सावकाराची तारीख बाजाराच्या सवडीची वाट पाहत नाही.

भंडारा जिल्ह्यात या विषयास एक विशेष निकड आहे. पवनी तालुक्यात वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची कोनशिला 22 एप्रिल 1988 रोजी बसली, व पुढे अनेक गावे पाण्याखाली गेली. त्यांतील कुटुंबांना मोबदला व 2013 च्या विशेष पॅकेजाची मदत रोख रकमेच्या रूपाने मिळाली. शेत हे दर वर्षी पीक देणारे आणि सहजासहजी न विकले जाणारे धन. रोकड मात्र तळहातावरील पाण्यासारखी निसटती. अशा एकरकमी पैशाच्या मागे दुप्पट करून देणारे आणि हमखास नफ्याचे आमिष दाखविणारे लोक लागतात. त्या वेळी पहिले काम एकच: रक्कम निदान सहा महिने साध्या ठेवीत ठेवून घरातील सर्वांच्या विचाराने तिचे वर सांगितलेले तीन भाग पाडणे. फेब्रुवारी 2020 पासून बँकेतील ठेवीस दर ठेवीदारामागे दर बँकेत 5 लाख रुपयांपर्यंत विम्याचे कवच आहे. पतसंस्थांतील ठेवींना ते नाही. मोठी रक्कम असल्यास ती एकाहून अधिक बँकांत विभागणे म्हणूनच शहाणपणाचे.

मात्र सगळा पैसा ठेवीतच कायम ठेवणे हाही उपाय पुरेसा नाही. तलावात दर वर्षी गाळ साचतो व वरून पाळ तशीच दिसत असता आतील पाणी कमी होत जाते. महागाई हा पैशातील गाळ होय. ती वर्षाला शेकडा 6 असेल, तर बारा वर्षांत रुपयाची खरेदीशक्ती जवळजवळ निम्मी होते. दूरच्या काळासाठी राखलेला काही भाग बाजारात ठेवावा लागतो तो श्रीमंतीच्या हव्यासापोटी नव्हे. हा गाळ उपसण्यासाठी.

शेवटी सांडव्याचा विचार. समजा, दूरच्या काळासाठी राखलेल्या एक लाखापैकी निम्मे शेअरांत व निम्मे ठेवीत ठेवावयाचे ठरले. शेअर वाढून 50,000 चे 80,000 झाले, तर वर्षाअखेर 15,000 काढून ठेवीत टाकावे, म्हणजे दोन्हीकडे 65,000 होतात. उलट ते उतरून 30,000 झाले, तर ठेवीतील 10,000 तिकडे घालून दोन्ही बाजू 40,000 वर आणाव्या. येणेप्रमाणे महाग झालेले आपोआप थोडे विकले जाते व स्वस्त झालेले थोडे घेतले जाते. भविष्य सांगावे लागत नाही. हे काम वर्षातून एकदाच, धान घरात आल्यावर सवडीने करावे. रोज भाव पाहणारा मनुष्य रोज काहीतरी करावयास उद्युक्त होतो, आणि त्यात दलालीखेरीज बहुधा कोणाचाच लाभ होत नाही.

वर्षातून एकदा मात्र ते अवश्य करावे. 1951 मध्ये मालगुजारी संपून तलाव सरकारकडे गेले, आणि ज्या पाळींची निगा गाव स्वतः राखीत असे, त्यांपैकी पुष्कळांची जबाबदारी कोणाचीच राहिली नाही. गाळ साचला, तुडुमे नादुरुस्त झाली, पाळींवर झुडपे वाढली. तलाव बांधणाऱ्यांचे काम चोख होते. उणीव पडली ती पुढील देखरेखीत. पैसा एकदा योग्य ठिकाणी ठेवला की विसरून जावे, असे मानणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे. पाऊस कोणाच्या हातचा नाही व बाजारही नाही. पाळ उन्हाळ्यात पाहून ठेवणे तेवढे ज्याच्या त्याच्या हातचे आहे.